वाणात दिलेला फर्मा

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. तो गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली — म्हणजे ती सोयसुद्धा उरली नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवाला तर मुळीच नाही; त्याला काय सांगायचं, तो त्या दिवशी तिथंच देव्हाऱ्यात बसून बघत होता. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

आधी माझ्याविषयी थोडं — नको, ही पळवाट झाली. माझी सवय मला माहीत आहे. अवघड बोलायची वेळ आली की मी आधी चहा टाकते, मग कुणाची तरी नक्कल करते, लोक हसतात, आणि विषय मागल्या दारानं निघून जातो. लातूरला आमच्या अपार्टमेंटमधल्या बायका माझ्याकडे खास हसायला म्हणून येतात. सत्तरी ओलांडलेली बाई सेक्रेटरीची नक्कल करते म्हटल्यावर येणारच. पण पळवाट म्हणून का होईना, मला गुडघ्यांपासून सुरुवात करू द्या. शेवटी तिथंच यायचं आहे.

माझे दोन्ही गुडघे गेलेत. डावा जरा सभ्य आहे, उजवा रात्रंदिवस बोंबलतो. त्यामुळे माझी पायाची शिलाई मशीन हॉलच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली असते आणि सून तिच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवते. मुलानं मोटर बसवून दिली होती. पण मोटरची मशीन बोटाच्या मागं लागल्यासारखी पळते हो, माझा जीव घाबरतो. पायडलवर कसं, आपल्या पायाचं ऐकते. आता पायच माझं ऐकत नाही.

त्या मशीनच्या वर भिंतीवर एक फोटो आहे. फोटोत तिशीतली मी. अंगावर शाल, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू कापूस नावाची वस्तू जगात मीच आणली. मान बघा तिची! पदर बघा कसा चापूनचोपून! ती बाई आज मला रस्त्यात भेटली असती तर दोन टोमणे दिल्याशिवाय मी तिला पुढं जाऊ दिलं नसतं. पण ती काचेमागं बसली आहे, आणि टोमणे खायला मी इकडं.

तो सत्कार उमरीतला. नांदेड जिल्ह्यातली आमची उमरी, तिथं मी सून म्हणून गेले. सत्कार कशाचा? तर सरस्वतीबाईंनी, म्हणजे मी, कापूस वेचायची नवी ओटी — पोटाशी बांधायची झोळी — शोधून काढली आणि ती स्वतःपाशी न ठेवता तिचा फर्मा सगळ्या बायकांना फुकट वाटून टाकला, याचा. फर्मा म्हणजे कापडावर ठेवून कापायचा कागदी नमुना. कापड कुणाचंही असो, दोरा कुणाचाही असो; शिवणाऱ्या बाईचा जीव त्या कागदात असतो. आणि मी म्हणे तो वाटला.

वाटला, हे खरं आहे. एवढं एकच खरं आहे.

मग इतकी वर्षं गप्प होते, तर आज का बोलते? नातीमुळं. माझी नात अश्विनी इथं लातुरात एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. आमच्या लातुरात दोनच गिरण्या — एकीत डाळ भरडतात, दुसरीत पोरं. तर अश्विनीची मैत्रीण आहे पूजा, तिच्याच क्लासमध्ये शिकवते. या पूजानं पत्त्यांचा एक डाव काढला. गुलाम-राणीच्या जागी रसायनं. कुठला पत्ता कुठल्यावर टाकला की तिसरं काय तयार होतं, ते खेळता खेळता पाठ होतं. पोरं जेवण विसरून खेळतात म्हणे. मलाही शिकवलं अश्विनीनं. मी दोनदा जिंकले — एकदा लबाडी करून.

अश्विनीला तो डाव इंटरनेटवर फुकट टाकायचा होता. खेड्यातल्या पोरांना क्लास परवडत नाही, त्यांना मिळू दे. पूजा म्हणाली, टाकू, पण ही एक बॅच होऊ दे. हा डाव माझा आहे एवढं तरी लोकांना कळू दे, मग टाक कुठं टाकायचा तिथं. अश्विनीला ते पटेना. परवा तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मला म्हणाली, "कल्पना कोंडून ठेवली की कुजते, आजी. वाटली की दहा जण तिच्यात भर घालतात. पूजा भित्री आहे. मी टाकणारच आहे रविवारी, फाइल आहे माझ्याकडं. नंतर तिलाच कळेल. तू नाही का, कुणाला विचारत बसली होतीस? वाटलास आणि मोकळी झालीस!"

आणि तिनं फोटोकडं बोट केलं.

माझ्या हातात शेंग होती. मी — जिला भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाला उत्तर द्यायला कधी उशीर लागला नाही — मी त्या शेंगेतले दाणे मोजत बसले. पोरीला वाटलं, आजीला अभिमान वाटला.

आता सांगते. हाव, सांगते.

तिचं नाव चंद्रकला. उमरीत एका बाईंच्या घरी शिवणक्लास चालायचा, तिथं आम्ही दोघी शेजारी-शेजारी बसायचो. ती बौद्ध वस्तीतली. दहावी पास, नवरा तालुक्याच्या कचेरीत कारकून. मी मोठ्या शेतीवाल्याची सून आणि नववीत दोनदा बसून शाळेलाच माझा कंटाळा आणलेली. बाईंनी माप एकदा सांगितलं की चंद्रकलेच्या डोक्यात बसायचं. माझ्या डोक्यात बसायला ते चार वेळा दार वाजवायचं, मग कंटाळून निघून जायचं. तरी आमची गट्टी जमली. माझ्या नकला तिला आवडायच्या. हसली की तोंडावर पदर घ्यायची आणि पदराआडून म्हणायची, "सरू, बस कर, सुई तोंडात हाय माझ्या!"

क्लासमध्ये ती माझ्या डब्यातलं खायची, मी तिच्या. आमच्या घरी आली की मात्र तिचा कप वेगळा असायचा, आणि तो ती स्वतः धुऊन उपडा घालायची. मी कधी काही बोलले नाही. आत्याबाईंसमोर — म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर — ती मला 'वहिनी' म्हणायची, आणि त्या आत गेल्या की 'सरू'. तो कप हा माझा वेगळा गुन्हा आहे. या कबुलीत तो मावणार नाही, पण झाकूनही ठेवत नाही.

तिची आई, गिरजाबाई, आमच्याच रानात कापूस वेचायला यायची. वेचणी कशी असते माहीत आहे? जुन्या लुगड्याची झोळी पुढं बांधायची, तिचं एक टोक मानेमागं गाठवायचं, आणि बोंड बोंड वेचून त्यात टाकत जायचं. तीच ती ओटी. भरत गेली की सगळा भार मानेवर. भरली की बांधावर चालत जायचं, गाठ सोडायची, पोत्यात रिकामी करायची, पुन्हा गाठ, पुन्हा तास, म्हणजे कापसाची ओळ, धरायचा. संध्याकाळी बायांच्या मानेवर लाल वळ असायचे. गिरजाबाईच्या मानेवर तर घट्टाच पडला होता, बैलाला पडतो तसा. मी तो कितीदा तरी पाहिला असेल. पाहिला म्हणजे — दिसला. शेत आमचं, मान तिच्या आईची.

चंद्रकलेनं मात्र पाहिला.

एक दिवस ती कापड घेऊन आली. तिच्या घरी टेबल नव्हतं, आमच्या ओसरीवर होतं, मशीनही माझी. दुपारभर कापत बसली, उसवत बसली. काही सांगेना. मग मला उभं केलं आणि माझ्या अंगावर एक चीज चढवली. दोन पट्टे खांद्यावरून जाऊन पाठीवर एकमेकांवरून गेलेले, कमरेला तिसरा. मानेला काहीच नाही! पुढं पोटावर मोठी पिशवी, आणि पिशवीच्या बुडाशी तोंड, नाडीनं आवळलेलं. तिनं जुन्या गादीतला कापूस आणून त्यात दाबून भरला. म्हणाली, "वढ आता नाडी."

मी ओढली. सगळा कापूस भस्सकन माझ्या पायांवर!

काय हसलो आम्ही. मी पुन्हा पुन्हा भरून घेत होते आणि ओढत होते, लहान पोरासारखी. वाकायचं नाही, गाठ सोडायची नाही. पोत्याच्या तोंडाशी उभं राहायचं, नाडी ओढायची, झालं. इतकी साधी गोष्ट! पिढ्यान् पिढ्या कापूस वेचला लोकांनी, कुणाला कशी सुचली नाही? त्या क्षणी मला खरंच आनंद झाला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझ्याकडून चांगलं असं काही येणार नाही.

मग ती कापूस गोळा करता करता म्हणाली, "सरू, फर्मा तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. माझ्या घरी पोरं फाडत्यात. पण कुणाला दावू नकू. येत्या हंगामाला मी शिवून ठेवते, उमरीच्या बाजारात, बिलोलीच्या बाजारात बसते. एक हंगाम जर माझ्या हातात ऱ्हायला ना, तर आईचं रान सुटतंय बघ. नाड्या वळत घरी बसंल ती." मी काय म्हटलं? देवाशप्पथ म्हटलं. आणि देव्हाऱ्याकडं हातसुद्धा केला.

तिच्या डोक्यात अजूनही होतं. तुरीच्या शेंगा तोडताना बोटं फाटतात, त्याच्यासाठी काहीतरी. लेकरू पाठीला असताना नीट वाकता यावं, त्याच्यासाठी काहीतरी. अर्धंअर्धं सांगायची. मी "पुढं?" म्हटलं की हसायची, "थांब की. अजून डोक्यात शिजून राहिलंय."

मग बिघडलं कुठं? मी इतकी वर्षं या जागी येते आणि अडते. मला एखादं मोठं कारण सापडलं असतं तर किती बरं झालं असतं! भांडण झालं असतं, तिनं काही बोलून दुखावलं असतं. तसं काहीच नाही. त्या संध्याकाळी आत्याबाईंनी ती ओटी खुंटीवर पाहिली. हातात घेतली, नाडी ओढून बघितली. विचारलं, हे तू केलंस? मी म्हटलं, न्हाई, चंद्रकलेनं. त्यांनी ओटी परत अडकवली आणि नुसतं म्हणाल्या, "तरीच. डोकं लागतं त्याला."

एवढंच. इतक्याशा वाक्यानं माणूस पेटतं का? मी पेटले. तुम्ही हसाल, मीही हसते त्या बाईला. अगं बये, सासूच ती, तिनं तुझं कधी कौतुक केलं होतं म्हणून आज करणार होती? पण त्या दिवसापासून मला चंद्रकलेच्या हातातली सुई दिसली तरी खुपायची. ती बाजारात बसणार. लोक तिला विचारणार, तुम्ही काढलंत का? आणि तिची आई आमच्या रानातून सुटणार, डोक्याच्या जोरावर. माझ्याकडं शेत होतं, वाडी होती, अंगावर सोनं होतं. डोकं तिच्याकडं.

संक्रांत आली. आमच्याकडं हळदी-कुंकू मोठं व्हायचं. वाणाला दरवर्षी काहीतरी वस्तू — कधी वाट्या, कधी गाळण्या, कधी कंगवे. त्या वर्षी मी आत्याबाईंना म्हटलं, यंदा मी काहीतरी वेगळं देते. जुनी वर्तमानपत्रं घेतली, खोलीचं दार ओढून घेतलं, आणि चंद्रकलेच्या फर्म्यावरून फर्मे कापले. दिवसभर. बाईंच्या क्लासमध्ये माझी कातर कधी सरळ चालली नव्हती. त्या दिवशी एक कागद वाकडा गेला नाही. प्रत्येकाची नीट घडी घातली, वर तिळगूळ ठेवला.

आणि हेही ऐका. हळदी-कुंकवाला चंद्रकला येणार नव्हती. त्यांच्यात ते करत नाहीत. आणि करत असते तरी आमच्या घरी तिला कुणी बोलावलं नसतं. सबंध उमरीत ती एकच बैठक अशी होती, जिथं ती असणार नाही याची मला पक्की खात्री होती. मी हे मनात धरून केलं, की हातून झालं? — मनात धरून केलं.

मनाला काय सांगत होते मी? की चांगली गोष्ट आहे, सगळ्यांची व्हावी. एकट्या बाईनं दाबून का ठेवावी? कितीतरी बायांच्या माना सुटतील. बघा, अगदी अश्विनीसारखं बोलत होते! फरक एवढाच की त्या दिवशी आलेल्यांपैकी एकीनंही जन्मात कापूस वेचला नव्हता. सगळ्या माझ्यासारख्या, बांधावरून बघणाऱ्या. मी ओटी घालून दाखवली, नाडी ओढली, आणि एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे वेचणी लवकर उरकंल की!" मानेचं कुणाच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही.

मग त्यांनीच विचारलं, "तुम्हीच काढलाव व्हय हे, सरूबाई?"

मी हो म्हटलं नाही. शपथेवर सांगते — माझ्या शपथेला काय किंमत ते तुम्हाला आता कळलंच आहे — मी हो म्हटलं नाही. फक्त मान खाली घातली. लाजल्यासारखी. नवी नवरी घालते तशी. सगळ्या म्हणाल्या, किती साधी बाई! आत्याबाईंना खरं ठाऊक होतं, पण सुनेचं कौतुक त्यांनाही नको नव्हतं.

पुढच्या हंगामात ती ओटी रानोरान दिसायला लागली. मालकिणींनी शिवून घेतल्या, बायांच्या अंगावर चढवल्या. आणि आता ते सांगते जे मला सगळ्यात जास्त छळतं. ती ओटी सुधारली हो! कुणीतरी पट्ट्यात गोधडीच्या चिंध्या भरल्या, खांद्याला मऊ झाले. कुणी पाण्याच्या बाटलीला खिसा लावला. बिलोलीकडच्या तेलुगू बोलणाऱ्या बाया तिला 'संची' म्हणायला लागल्या, आणि त्यांनी एका बाजूला जाळीचं कापड घातलं, म्हणजे पाला-कचरा गळून जातो. एका वर्षात ती वस्तू कुठल्या कुठं गेली. चंद्रकलेनं एकटीनं हे सगळं केलं असतं का? नसतं केलं. म्हणजे वाटल्यानं भलं झालं का? माना सुटल्या का? सुटल्या. मी वाईट मनानं दिलं, तरी सुटल्या.

सगळ्यांच्या सुटल्या, एकीची सोडून. गिरजाबाई त्या हंगामातही आमच्या रानात आली. बाकीच्या सगळ्या नव्या ओटीत, आणि ती म्हातारी आपल्या जुन्या लुगड्याची गाठ मानेला मारून. मी बांधावरून म्हटलं, मावशी, नवी ओटी देऊ का? तिनं माझ्याकडं पाहिलं. तास धरला आणि पुढं गेली.

चंद्रकला, रानात त्या ओट्या दिसल्या त्याच आठवड्यात, घरी आली. आत्याबाई आत होत्या. ओसरीवर आम्ही दोघीच. मी चहा टाकते म्हटलं, ती बसलीच नाही. ती शांतपणे म्हणाली, "वाटायचाच व्हता मला बी, वहिनी. एक हंगाम मागितला व्हता."

वहिनी. दोघीच असताना पहिल्यांदा वहिनी.

आणि गेली. क्लासला परत आली नाही. त्यानंतर काही महिन्यांनी सत्कार झाला. मी नको म्हटलं का? छे. मी नवी साडी घेतली. भाषण करणाऱ्यांनी मला दानशूर म्हटलं, आणि फोटोतली ती बाई अशी हसली — तुम्हाला सांगितलंच कशी. पुढं चंद्रकलेच्या नवऱ्याची बदली नांदेडला झाली. तुरीच्या शेंगांचं ते काहीतरी, पाठीवरच्या लेकराचं ते काहीतरी — मी कान लावून होते. कुठल्या बाजारात, कुठल्या रानात काही नवं दिसलं की वाटायचं, हे तिचं असेल का? तिचं कधीच काही दिसलं नाही.

अश्विनीला मी काल सांगितलं. तुम्हाला सांगितलं त्याहून तुटक, आणि नक्कल न करता. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती ऐकत होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करायचं भान दोघींनाही राहिलं नाही, वरण खाली लागलं.

मग ती म्हणाली, "पण आजी... ओटी तर सुधारली ना? सगळ्यांनी मिळूनच ना?"

म्हटलं, "हाव."

"मग वाटावं की नाही?"

"मला काय इचारतीस बाई? मी तर चोर."

ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल. मग तिनं विचारलं, "आणि त्या? चंद्रकलाआजी? पुन्हा भेटल्या कधी?" मी कुकर उघडायला वळले. ती हॉलमध्ये गेली. फोटोसमोर थांबली की नाही, मला तिथून दिसलं नाही. गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि ती फोनवर "पूजा, ऐक ना" म्हणाली, तेवढं ऐकू आलं. पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायचा मला हक्क नाही, आणि कानही पूर्वीचे नाहीत. रविवार अजून यायचा आहे.

भेटली होती. अश्विनीला उत्तर दिलं नाही, तुम्हाला देते. काही वर्षांपूर्वी नांदेडला एका लग्नाला गेले होते. पत्ता काढत काढत तिच्या घरी पोचले. मुलगा नोकरीला लागलेला, घर पक्कं, नीटनेटकं. ती दाराशीच मशीनवर बसली होती, माझ्यासारखीच म्हातारी. मला बघून उठली. "या वहिनी, बसा." पाणी दिलं, चहा दिला, आणि मी कप धुवायला उठले तर हातातून काढून घेतला. राग नाही, टोमणा नाही. मी टोमण्याची तयारी करून गेले होते हो. काय शिवतेस हल्ली, असं विचारलं, तर म्हणाली, "फॉल, पिको, ब्लाऊज. सांगतात तेवढं."

मग मी माझी पळवाट धरली. गुडघे चोळत बसले आणि गुडघ्यांचंच रडगाणं लावलं — मशीन सुटली, पायडल मारवत नाही. ती म्हणाली, माझेही गेलेत. मग माझं लक्ष गेलं. गुडघे गेलेली बाई, आणि मी आले तेव्हा तर ती मशीन चालवत होती! ती कडेला झाली तशी मी वाकून बघितलं. पायडलला काहीतरी बांधलेलं होतं. चामड्याचा एक पट्टा, खाली लाकडाचा ठोकळा, आणि अजून काहीतरी, वर चाकाकडं गेलेलं. तिनं केलेलं. दुसऱ्या कुणी केलेलं असणं शक्यच नाही. माझे गुडघे, मशीनवरची ती कुंडी, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी विचारलं, "चंद्रे, हे काय गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बाजूची पिवळी साडी उचलली, फॉल लावायला आलेली असेल, आणि ती मशीनवरून सोडली. खाली जमिनीपर्यंत नीट ओढून घेतली.

"काही न्हाई, वहिनी. जुनी मशीन हाय."

त्या साडीखाली काय होतं, ते मला अजून माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आपल्याला सुचलेलं कुणाला दाखवू नये, हे तिला मीच शिकवलं होतं — आणि ती कुठलीही गोष्ट एकदा सांगितली की शिकायची.